अक्काने पाठवलेल्या मिरच्या

रडणं हा माझा धंदा. असं म्हटलं की मुलाखत घ्यायला आलेल्या मुली ओशाळतात आणि विषय बदलतात. पण त्यात खोटं काय आहे? आधी नाटकात, मग सिनेमात, मग मालिकांत मी जन्मभर आई झाले आणि आई म्हणून रडले. मुलगा लढाईवर गेला, रडले. लेक सासरहून परत आली, रडले. एका सिनेमात नायकाचा बैल मेला, तर कॅमेरा नायकावर नाही, बैलावर नाही, माझ्या डोळ्यांवर लावला. तशी मी फटकळ, हसरी बाई आहे. मेकअप रूममध्ये माझ्या नकलांवर माणसं पोट धरून हसतात. पण विनोदी भूमिका घेऊन माझ्या दारात कुणी आलं नाही. माझं हसू कुणाला विकत नको होतं.

ग्लिसरीन न लावता रडणारी नटी म्हणून माझं नाव झालं. समीक्षकांनी आतल्या वेदनेबद्दल वगैरे लिहिलं. मी ते वाचायचे आणि पदराची गाठ चाचपायचे. त्या गाठीत मिरची असायची. नंदुरबारची, वाळलेली, माझ्या मोठ्या बहिणीने पाठवलेली.

आमचं घर नंदुरबारचं. हिवाळा लागला की गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर ओल्या लाल मिरच्या वाळत पडायच्या, नजर पोचेल तिथवर लाल जमीन. माय आणि अक्का तिथे देठ खुडायला जायच्या. तळोद्याकडच्या डोंगरातून आलेल्या बायाही त्यांच्याबरोबर असायच्या. तोंडाला पदर गुंडाळून दिवसभर बसायचं आणि मिरचीचा देठ तोडून बाजूला टाकायचा, एवढंच काम. संध्याकाळी घरी आल्यावर अक्का ताकात हात बुडवून बसायची. बोटांची आग त्यानेही जायची नाही. तिने मला कधी पथारीवर नेलं नाही. मी हट्ट धरला तर म्हणायची, "तू शायले जाय. तुन्हा डोया खराब व्हतीन." माझ्या डोळ्यांची काळजी पहिल्यापासून तिला होती, हे मला फार उशिरा आठवलं.

गल्लीतल्या गणपतीत नाटक बसायचं. मी पहिल्यांदा उभी राहिले ती तिथे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर केलेल्या स्टेजवर, अक्काची साडी नेसून. नाटक संपलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि अक्का मला हाताला धरून ओढतच घरी घेऊन गेली. मला वाटलं, आता मार बसणार. तिने मला चुलीपुढे बसवलं, मूठभर मीठ आणि मिरच्या घेऊन माझ्यावरून डोक्यापासून पायांपर्यंत उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. घरात ठसका उठला नाही. ती मायला म्हणाली, "दख, कितली नजर लागेल शे पोरले!" नजर लागलेली असली की मिरची जळूनही ठसका येत नाही, आणि लागलेली नसली की सगळं घर खोकतं, असं आमच्याकडे मानतात. मिरच्या ओलसर होत्या म्हणून धड जळल्या नसतील, हे शाळेत शिकणाऱ्या मला कळत होतं. पण अक्काचा हात डोक्यावरून फिरताना इतकं बरं वाटत होतं की मी काही बोलले नाही.

त्यानंतर प्रत्येक नाटकाला हे ठरून गेलं. मी राज्य नाट्यस्पर्धेला गेले तेव्हा ती बसस्टँडवर आली, आणि चार माणसांसमोर माझ्यावरून मिरच्या उतरवून पानाच्या टपरीमागे जाऊन जाळून आली. मला लाज वाटली. माझ्याबरोबरची मंडळी हसली. बक्षीस मात्र मला मिळालं, आणि त्याचं सगळं श्रेय अक्काने स्वतःच्या मिरच्यांना दिलं.

मग मी मुंबईला गेले. व्यावसायिक नाटकात छोटी कामं मिळायला लागली. त्या वर्षी हिवाळ्यात नंदुरबारहून येणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या हाती अक्काने पिशवी पाठवली. आत कापडाच्या पुरचुंडीत निवडलेल्या, लांबसडक, देठासकट मिरच्या. नजरेच्या मिरचीला देठ लागतो. दिवसभर देठ खुडणाऱ्या बाईने माझ्यासाठी तेवढ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. खालच्या दुकानाच्या फोनवर तिचा निरोप आला, "इतला लोके तुले दखतस, नजर तं लागीच. कोनले तरी सांग, काढी लेजो."

कुणाला सांगणार? नजर आपली आपल्याला काढता येत नाही, दुसऱ्याने काढावी लागते. मी एका खोलीत एकटी राहत होते. शेजारच्या बाईशी पाण्याच्या नळावरून भांडण होतं. नाटकातल्या सहकाऱ्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी माझी गंमत वर्षभर पुरवून खाल्ली असती. पुरचुंडी मी फळीवर ठेवून दिली.

त्याच सुमारास मला पहिली मोठी भूमिका मिळाली. परदेशी गेलेला मुलगा परत येत नाही, त्याची आई. मी तेव्हा पंचविशीही गाठली नव्हती, पण आई झाले. शेवटच्या अंकात पत्र वाचून रडायचं होतं आणि मला रडू येत नव्हतं. दिग्दर्शक रोज खवळायचा. रंगीत तालमीच्या आदल्या दिवशी म्हणाला, उद्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही तर दुसरी बाई उभी करतो. मी घरी येऊन रागाने सामान आवरायला घेतलं आणि फळीवरची ती पुरचुंडी हाताला लागली. एक मिरची मोडून मी पदराच्या गाठीत बांधली. दुसऱ्या दिवशी तालमीत पत्र वाचताना ती गाठ डोळ्याच्या कोपऱ्याला नुसती टेकवली. समोरच्या रांगेतला दिग्दर्शक स्वतःच रडायला लागला.

तिथून माझं नशीब उघडलं. दर हिवाळ्याला पुरचुंडी यायची, ती मला वर्षभर पुरायची. दौऱ्यावर कपड्यांच्या पेटीत पहिली ती जायची. गाठ कुठे बांधायची, किती हलक्या हाताने टेकवायची, नाक वाहू न देता डोळेच कसे वाहू द्यायचे, यात मी तरबेज झाले. अक्का फोनवर दरवेळी विचारायची, "काढी का नजर?" मी म्हणायचे, "काढली." तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं, आणि मलाही ते एवढं मोठं खोटं वाटत नसे.

दरम्यान माझं लग्न झालं आणि मोडलं. मूल झालं नाही. हे मी दोन वाक्यांत सांगते, कारण त्यात याहून जास्त काही घडलं नाही. रोज प्रयोग, रोज प्रवास, दोन माणसं एकमेकांना घरात सापडेनाशी झाली. नवरा वाईट नव्हता. अक्काला मात्र ते पटायचं नाही. एवढं नाव, एवढं रूप आणि घर रिकामं, म्हणजे कुणाची तरी जबर नजर बसली, हे तिने मनाशी पक्कं केलं. त्या वर्षापासून पुरचुंडीत दुप्पट मिरच्या यायला लागल्या.

काही वर्षांपूर्वी नंदुरबारकरांनी माझा सत्कार केला. सभागृह भरलं होतं. अक्का पहिल्या रांगेत बसली होती, नवी साडी, डोक्यावरून पदर. मी गाव सोडल्यानंतर तिने मला रंगमंचावर पाहिलं ते एकदम त्या दिवशी. भाषणात मी लोकांना हसवायचं ठरवलं. आयुष्यभर रडवलं, निदान माझ्या गावात तरी हसवावं. मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून तुम्ही रडता ना? ते पाणी माझं नाही, ते नंदुरबारच्या मिरचीचं आहे. माझी बहीण दर वर्षी मला मिरच्या पाठवते, त्या मी पदरात बांधते आणि डोळ्याला लावते." सभागृह कोसळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आपल्या मिरचीने मुंबईला रडवलं याचा गावाला कोण आनंद झाला! मी अक्काकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिच्या मांडीवर हार होता, तो ती चुरत होती.

घरी आल्यावर तिने मला चहा दिला. तिची सून आत गेली तसं अक्का म्हणाली, "तुन्हा डोयामा पानी नको येवाले म्हनीसन मी मिरच्या धाडस, अन तू त्याच डोयाले लावस?"

मी हसण्यावारी न्यायला गेले. म्हटलं, अगं, त्याच मिरच्यांवर मी जगले, घर घेतलं, नाव कमावलं. ती म्हणाली, "म्हंजे एक पन साल कोनी तुन्ही नजर काढी नही?" मी नाही म्हणून मान हलवली. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला दिसलं की ती मनात सगळं लावून बघते आहे. माझं लग्न, रिकामं घर, पडद्यावर दर वेळी कुणाच्या तरी मढ्यापाशी बसलेली मी. तिच्या लेखी या सगळ्याचं कारण त्या क्षणी तिला सापडलं होतं. ती चिडली असती तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. ती चिडली नाही. ती भ्यायली होती.

त्या हिवाळ्यात पुरचुंडी आली नाही. पुढच्याही नाही. फोनवर बोलायची, तब्येत विचारायची, पण नजरेचा विषय काढायची नाही.

तशी मिरची आता माझ्या कामाचीही उरली नव्हती. डोळे कोरडे पडायला लागले होते. पापणी मिटली तरी वाळू खुपल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यांत अश्रू तयारच होत नाहीत. मी विचारलं, मिरचीने? ते म्हणाले, वय आहे, दिवे आहेत, मेकअप आहे, आणि मिरचीने काही भलं तर झालेलं नाही. त्यांनी थेंबांची बाटली दिली. तेव्हापासून मालिकेत माझा रडण्याचा प्रसंग आला की सहायक मुलगी ड्रॉपरने गालावर पाणी सोडते आणि कॅमेरा लगेच सुरू करतात, ओघळ वाळायच्या आत. सेटवर याचं कुणाला काही वाटत नाही. मला वाटतं. रडण्याचा धंदा केला आणि भांडवलच संपलं.

यंदा हिवाळ्याच्या सुरुवातीला अक्काच्या सुनेचा फोन आला. सासूबाईंनी अंथरूण धरलंय, काही खात नाहीत, तुमचं नाव घेतात. मी सुरतेवरून येणाऱ्या गाडीने नंदुरबार गाठलं. अक्का एवढीशी झाली होती. तिचे हात मात्र तसेच होते, बोटांच्या टोकांना जाड, पिवळट कातडी. मी तिच्याजवळ बसले तशी ती म्हणाली, "उनी का? बरं झायं. मी जावाना पहिले तुन्ही नजर काढनी शे मले."

तेवढ्यासाठी तिने जीव धरून ठेवला होता. दुसरं काही मागणं नव्हतं. मी म्हटलं, आत्ता काढ, मी बसते खाली. आणि बसलेही, गुडघे दुखत असताना, तिच्या पलंगापाशी जमिनीवर. सून उठून मिरच्या आणायला निघाली. अक्काने तिला हाताने थांबवलं. "आज बुधवार शे. बुधवारले नही काढतस. शनवारले काढसू."

मी वाद घातला. म्हटलं, काढायची ती कधीही काढ, वार कुठला बघतेस? ती ऐकेना. इतक्या वर्षांची बसलेली नजर, ती अशी वाटेल त्या दिवशी निघत नाही. माझं गुरुवार-शुक्रवारचं शूटिंग होतं. मालिकेतली माझी भूमिका संपवायची होती, आई मरते तो प्रसंग होता आणि सेट लागलेला होता. मी फोन करून पुढे ढकलू का म्हणून विचारलं. अक्काच म्हणाली, "कामले जाय तू. शनवारले ये. तवलोंग मी कोठे जास?" मी तिचा हात हातात घेतला. तिने बोटं सोडवून माझ्या पापण्यांवरून फिरवली. त्या खरखरीत बोटांचा स्पर्श होताच माझे डोळे चुरचुरले. आयुष्यभराची मिरची तिच्या कातडीत मुरलेली होती. तेव्हा मला खरंखुरं रडू आलं असतं, पण आलं नाही.

मी गेले. शुक्रवारी दुपारी मालिकेत मेले. शॉट संपवून उठले तेव्हा फोनवर सुनेचं नाव दिसलं, आणि मला कळलं.

शनिवारी सकाळी मी पोचले तेव्हा दारात माणसं जमलेली होती. अक्काला ओसरीवर ठेवलं होतं. आमच्याकडे बाया नुसत्या रडत नाहीत, बोलत रडतात. एकमेकींच्या गळ्यात पडून, गेलेल्या माणसाला हाका मारून, त्याने काय काय केलं ते सांगून रडतात. माझ्या गळ्यातही एकेक बाई पडत होती, रडत होती, बाजूला होत होती. मी कोरडी उभी होते. आतून सगळं तुटत होतं आणि डोळ्यांत एक थेंब नव्हता. मागे कुणीतरी कुजबुजलं, "टीव्हीमा कितली रडस ही बाई! आठे सख्खी बहीण गयी, अन एक टिपूस नही." दुसरी म्हणाली, "तठे पैसा भेटतस ना." मला राग यायला हवा होता. एरवी मी वळून त्या बाईचा उद्धार केला असता. पण मी तशीच अक्काकडे बघत उभी राहिले.

तेवढ्यात अक्काची शेजारीण माझ्याजवळ सरकली. पथारीवर अक्काच्या शेजारी बसून जन्मभर देठ खुडलेली म्हातारी. गळ्यात पडल्यासारखं करून तिने माझ्या तळहातात काहीतरी कोंबलं आणि कानाशी म्हणाली, "ले वं बाई, लाई ले जरासी. लोके दखी ऱ्हायनात."

मिरची होती. सत्काराच्या भाषणाला ती सभागृहात असणार. माझी गुप्त युक्ती मीच सगळ्या गावाला सांगितली होती. माझी लाज राखायला त्या बिचारीने घरातून मिरची आणली होती, देठासकट.

हात सवयीने वर आला. डोळ्यापर्यंत आला. एवढी वर्षं प्रत्येक संध्याकाळी जे केलं, ते हात आपोआप करत होता. लावली असती तर कोरड्या डोळ्यांतूनही काहीतरी निघालंच असतं, बायांची तोंडं बंद झाली असती. पण समोर अक्का होती. मी मूठ मिटली आणि हात खाली घेतला. अक्काला नेलं, तोवर मूठ उघडली नाही.

पुरुषमाणसं स्मशानाकडे निघाली. शेजारणीच्या अंगणात चुलीवर अंघोळीचं पाणी तापत होतं. मी तिच्याकडे गेले, मूठ उघडून मिरची तिच्यापुढे धरली. घामाने ती नरम पडली होती. ती म्हणाली, "काय करू मी आते हिनं?"

"मन्ही नजर काढ," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडातून ही बोली आली, आणि अडखळली नाही. "आज शनवार शे."

मग आत जाऊन तिने मीठ आणलं, आणखी मिरच्या आणल्या. मी चुलीपुढे बसले. तिने पदर खोचला आणि सावकाश माझ्यावरून मूठ उतरवली, डोक्यापासून पायांपर्यंत, अक्का करायची तशीच. तिच्या बोटांनाही तेच घट्टे होते. मी डोळे मिटून घेतले, समोर अक्का नाही हे दिसू नये म्हणून. तिने सगळं चुलीत टाकलं.

आधी काहीच झालं नाही. आणि मग असा ठसका उठला की अंगणातल्या बाया खोकत खोकत भिंतीकडे पळाल्या. पदराने तोंडं दाबली, डोळे पुसले. सून ओसरीवरून खोकत बाहेर आली. मीही खोकले, छाती दुखेपर्यंत खोकले.

शेजारीण डोळे पुसत माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "दख, कितला ठसका उना," ती म्हणाली. "नजरबिजर काही नव्हती तुले, बाई. काहीच नव्हती."

मी मान हलवली. माझं जे काही झालं, ते कुणाची नजर लागून झालं नव्हतं. अक्काची त्यात काही चूक नव्हती, तिच्या मिरच्यांचीही नव्हती. एवढंच अक्काला सांगायचं होतं, आणि तिला घेऊन माणसं तेव्हा वेशीबाहेर पोचलीही होती.